साखरपुडा झालाय, आता रोज रात्री फोटो मागतो. काय करू?

रानजाई२७: लग्न डिसेंबरात आहे, तो जर्मनीत जॉबला. सुरुवातीला नुसत्या गप्पा, मग जरा चावट मेसेज, ते मलाही आवडायचं, खोटं कशाला बोलू. पण आता रोज फोटोच पाहिजे, आणि नाही म्हटलं की "माझ्यावर विश्वास नाही का" आणि मग दोन-दोन दिवस ब्लू टिक, उत्तर नाही. काही फोटो पाठवलेत, व्ह्यू वन्सने (एकदाच उघडतो तो), चेहरा नाही त्यात. घरी कोणाला सांगू शकत नाही. मी उगाच जास्त विचार करतेय का?

मीरा_ताई: अजिबात नाही गं. चावट बोलण्यात काही वाईट नाही, माझा नवरा दुबईला होता तेव्हा आम्हीही बोलायचो, पण "आज नको" म्हटलं की तो "बरं, जेवलीस काय" विचारायचा आणि विषय संपायचा. मला फोटोपेक्षा तो अबोला जास्त खटकला. आज फोटोसाठी अबोला, उद्या माहेरी जायचं म्हटलं तरी तेच होईल.

सायबरवाला: व्ह्यू वन्सवर फार विसंबू नका, स्क्रीनशॉट अडतो पण दुसऱ्या फोनने फोटो काढायला काय लागतं? आणि चेहरा नसला तरी तीळ, टॅटू, मागचा पडदा यावरून माणूस ओळखू येतो. कायदा तुमच्या बाजूने आहे. फोटो स्वतः पाठवला असला तरी तो पुढे पसरवायची परवानगी दिली असं होत नाही, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ मध्ये हे स्पष्ट आहे, आणि आयटी ॲक्टच्या ६६ई खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कुणी धमकी दिलीच तर पैसे देऊ नका, चॅट डिलीट करू नका, १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन करा.

सह्याद्री_पोर: लगेच पोलिसापर्यंत कशाला जाताय दादा, त्याने धमकी कुठे दिलीय. कित्येक पोरांना मागायची सवयच लागते, समोरची कंटाळलीय हे कळतच नाही. ताई, रात्री त्या मूडमध्ये हा विषय काढू नका, रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर सरळ सांगा की फोटो बंद. त्यावरही रुसला तर मात्र लग्नाची तारीख पुढे ढकला, हॉलचं ॲडव्हान्स गेलं तर जाऊ दे.

सायबरवाला: मान्य, आधी बोलाच. फक्त पाठवलेले फोटो तुमच्या फोनमध्ये असतील तर घाबरून उडवू नका. स्टॉप एनसीआयआय म्हणून फ्री साइट आहे, तिथे फोटो अपलोड होत नाही, फोनमध्येच त्याचा हॅश, म्हणजे फोटोचा डिजिटल ठसा, बनतो आणि इन्स्टा-फेसबुकवर कुणी तोच फोटो टाकला तर त्यावरून पकडता येतो. मूळ फोटोच नसेल तर हॅश बनणार कशाचा.