मदत हवी आहे: मिठाच्या पाण्यात भाताचा दाणा हलका होतो का?

नमस्कार मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण मला खरंच उत्तर देता आलेलं नाहीये आणि लेक (सहावीत आहे) पिच्छा सोडत नाहीये म्हणून इथे टाकतेय.

मे अखेरीला सासरी गेलो होतो, भोरच्या बाजूला. रोपं टाकायच्या आधी सासरे भाताचं बियाणं निवडत होते. 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ, त्यात भात ओतायचं, हलवायचं, वर येईल ते पोचट म्हणून काढून टाकायचं आणि तळाशी बसलेलंच पेरायचं. लेकीने आगाऊपणा करून आधी एक मूठ साध्या पाण्यात टाकली, थोडे दाणे तरंगले बाकीचे खाली. मग ते खाली बसलेलेच दाणे मिठाच्या पाण्यात टाकले तर त्यातलेही काही वर आले! आता ती म्हणते दाणा तोच, मग आत्ता बुडला आणि आत्ता तरंगला कसा, मीठ लागून हलका झाला का? मीठ तर जड असतं ना? सासरे म्हणाले "मिठाच्या पाण्याला जोर असतो गं", आणि विषय संपला.

मी आपलं शाळेतलं "जड बुडतं, हलकं तरंगतं" सांगून बघितलं. तर घरी येऊन बाईसाहेबांनी बादलीत मोसंबी सोडली, तरंगली. सोलून सोडली, तर बुडाली! साल काढल्यावर वजन कमीच झालं ना? माझी बोलतीच बंद. कोणीतरी सोप्या भाषेत सांगा प्लीज, सूत्रं नकोत.

प्रतिसाद १
ताई, तुमच्या सासऱ्यांनी बरोबर सांगितलंय, फक्त अर्धं. दाणा हलकाबिलका होत नाही, पाणी जड होतं. कुठलीही वस्तू पाण्यात गेली की स्वतःला मावेल एवढं पाणी बाजूला सारते, आणि त्या बाजूला सारलेल्या पाण्याचं जेवढं वजन तेवढ्या जोराने पाणी तिला वर ढकलतं. आर्किमिडीजची गोष्ट सांगितली असेलच शाळेत. वस्तूचं वजन या ढकलण्यापेक्षा जास्त असेल तर ती खाली जाते, कमी असेल तर वर येते, बस्स. साधं पाणी लिटरला 1000 ग्रॅम भरतं, तुमच्या टोपातलं साधारण 1020. (लिटरमागे 30 ग्रॅम मीठ घालूनही 1030 का नाही, तर मीठ विरघळल्यावर पाणी किंचित वाढतं पण.) आता जो दाणा आकाराच्या हिशोबाने या दोन्हीच्या मधला आहे, समजा 1010 वाला, तो साध्या पाण्यात बुडणार आणि मिठाच्या पाण्यात तरंगणार. हेच अर्धवट भरलेले दाणे, साध्या पाण्यात ते चांगल्या दाण्यांबरोबर खाली लपून बसतात. मीठ त्यासाठीच घालतात.

मोसंबीची साल म्हणजे फुकटचं लाइफ जॅकेट, आतला पांढरा भाग स्पंजसारखा हवेने भरलेला असतो. साल काढली की वजन थोडं जातं पण जागा खूप जाते, मग ढकलणारं पाणीच कमी पडतं.

प्रतिसाद २
आमच्याकडे पण भातच आहे म्हणून दोन गोष्टी. बी टाकल्यावर हाताने चांगलं ढवळा, कोरड्या तुसाला हवेचे बुडबुडे चिकटलेले असतात, त्यामुळे चांगला दाणासुद्धा उगाच वर राहतो आणि पळंजासोबत फेकला जातो. आणि खाली बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवून सावलीत सुकवायचं, मीठ राहिलं तर उगवण मार खाते.

धागाकर्ती
दोघांचे खूप आभार!! लाइफ जॅकेट लेकीला एकदम पटलं. पण आता नवीन घोळ. आम्ही कालच तेच माप घेतलं, 1 लिटरला 30 ग्रॅम मीठ, आणि त्यात अंडं सोडलं. ढिम्म! तळाशी आडवं पडून आहे. बाजूला स्टीलची वाटी मात्र मजेत तरंगतेय. काय चुकलं?

प्रतिसाद १
काही चुकलं नाही, अंडं ताजं आहे 😄 ताजं अंडं त्या पाण्यापेक्षा बरंच जड असतं, लिटरला शंभर-सव्वाशे ग्रॅमपर्यंत मीठ जाईल. तमिळनाडूत भाताचं बी निवडताना अंडं तरंगेपर्यंत मीठ घालायची पद्धत आहे, म्हणजे त्यांची चाळणी तुमच्या सासऱ्यांपेक्षा कडक. शिळं अंडं लवकर वर येतं कारण कवचातून ओल उडून जाते आणि आतली हवेची पोकळी वाढते.

वाटीचं स्टील पाण्याच्या जवळपास आठपट जड आहे, तरी पोकळ असल्यामुळे ती पुष्कळ पाणी बाजूला सारते. काठावरून पाणी आत गेलं की पोकळी भरली, मग बघा काय होतं ते. जहाजाचंही तेच.

धागाकर्ती
आलं वर!!! चमचा-चमचा मीठ घालत गेलो, आधी अंडं उभं राहिलं, मग हळूच सुटलं आणि टोक बाहेर काढून बसलं. वाटी लेकीने पाणी ओतून बुडवली, तीनदा. अर्धा पुडा मीठ संपलंय आणि सासऱ्यांना व्हिडिओ कॉल करून "आजोबा, जोर पाण्यालाच असतो, मिठाने फक्त वाढतो" असं ऐकवून झालंय. ते म्हणाले "मग मी काय म्हणत होतो?"