घेवड्याच्या बरणीचं झाकण फुगलंय, बाकीच्या उकळून वापरू का?

बागवाली_न्यूजर्सी:
यंदा परसात घेवडा एवढा आला की वाटून वाटून संपेना, म्हणून पहिल्यांदाच कॅनिंग केलं, म्हणजे बरण्यांत हवाबंद भरून ठेवला. मेसन जार, नवी झाकणं, थोडं मीठ आणि मोठ्या पातेल्यात पाण्यात बुडवून तासभर उकळल्या. काल बेसमेंटमधून काढल्या तर सातातल्या दोघींची झाकणं फुगलीत आणि त्यातली एक गळतेय, चिकट ओघळ आलेत. बाकीच्या पाच चकाचक. सासूबाई म्हणतात त्या पाच नीट उकळ, वर लसणाची फोडणी दे, काही होत नाही. एवढी मेहनत टाकायची जिवावर आलंय हो. वास घेऊन ठरवू का?

आंबटगोड:
वास नको, चव तर अजिबातच नको! बोटुलिनम नावाच्या जिवाणूच्या विषाला वास असेलच असं नाही. आणि त्या पाचही टाक. घेवडा आंबट नाही ना, त्यात या जिवाणूचे बीजाणू साध्या उकळत्या पाण्यात, म्हणजे 100 अंशाला, मरत नाहीत, प्रेशर कॅनरमधले (बरण्यांसाठीचा मोठा प्रेशर कुकरच तो) 116 अंश तरी लागतात, आणि बंद बरणीत हवा नसली की त्यांचं फावतंच. 2015 ला ओहायोत लँकेस्टरला चर्चच्या जेवणात घरी कॅन केलेल्या बटाट्याचं सॅलड होतं, ते बटाटेही असेच नुसत्या पाण्यात उकळलेले, 29 जण आजारी आणि एक बाई गेली.

कोकणातली_काकू:
अगं आम्ही आमरसाच्या बाटल्या वर्षानुवर्षं अशाच उकळून भरतो, पण आंबा आंबट म्हणून ते चालतं. तरी बूच उडालं, रस फसफसला की सरळ फेकतो. घेवड्याला तो न्याय नाही लावायचा.

टिफिनवाला_डॅलस:
भारतातून आणलेल्या कुकरमध्ये चार शिट्ट्या काढल्या तर?

आंबटगोड:
नको, छोटा कुकर भराभर तापतो नि निवतो. क्वार्टच्या (साधारण लिटरभराच्या) चार बरण्या उभ्या मावतील एवढा तरी कॅनर हवा.
@बागवाली, टाकताना ग्लव्हज घाल. घट्ट बंद आहेत त्या न उघडता जाड पिशवीत, गाठ मारून कचऱ्यात. गळतेय ती पातेल्यात आडवी ठेव, वर इंचभर पाणी, झाकण लावून 30 मिनिटं उकळव, गार झाली की बरणीसकट टाक. सिंकमध्ये ओतू नकोस, कंपोस्टमध्ये तर नाहीच. ओघळ लागलेल्या फळीवर एक भाग ब्लीच पाच भाग पाणी ओत, अर्धा तास राहू दे, मग पूस. आणि कोणी खाल्लं असेल तर डबल दिसणं, पापण्या जड होणं, बोलताना जीभ अडखळणं, गिळायला त्रास, यातलं काहीही झालं तर थेट इमर्जन्सी. बहुतेकदा 12 ते 36 तासांत दिसतं पण कधी आठवडाभरानेही.

बागवाली_न्यूजर्सी:
सासूबाईंना वाचून दाखवलं, आता त्याच ग्लव्हज शोधतायत. पण अहो बरण्या आठ होत्या! आठवी रविवारी मैत्रिणीला दिलीये, थांबा, आधी तिला फोन लावते.