एका हंगामाच्या आनुवंशिकतेवर भाताच्या उत्पादनाची निवड करावी का? (निसवा, आवण आणि पोटरी या तिघांची चर्चा)

निसवा
उत्पादनाची आनुवंशिकता (वंशांमधल्या फरकात जनुकांचा वाटा) ६० टक्क्यांवर आणि अपेक्षित प्रगती (निवडीमुळे पुढच्या पिढीच्या सरासरीत होणारी वाढ) सरासरीच्या २० टक्क्यांवर निघाली, तरी पैदासकार फुटवे, लोंबीतले दाणे, हजार दाण्यांचं वजन या उत्पादनाच्या घटकांवरच निवड करत बसतात. मला हे पटत नाही. समजा ३० वंश, ३ पुनरावृत्त्या (प्रत्येक वंशाचे तीन प्लॉट), एक हंगाम. प्रति रोप उत्पादनाची सरासरी २५ ग्रॅम, वंशांचा मीन स्क्वेअर (फरकाचं माप) ९०, त्रुटीचा (वंशाशी संबंध नसलेल्या फरकाचा) ३०. जनुकीय प्रचरण, म्हणजे जनुकांमुळे आलेला फरक, (९० − ३०) ÷ ३ = २०, वंशांच्या सरासरीचं एकूण प्रचरण ३०. आनुवंशिकता ६७ टक्के. वरचे ५ टक्के निवडले तर प्रगती २.०६ × √३० × ०.६७, म्हणजे साडेसात ग्रॅम, म्हणजे ३० टक्के. मग थेट उत्पादनावरच निवड का नको?

आवण
६७ हा आकडा चुकलेला नाही, पण तो कशाचा ते सांगायला हवं. तो तीन पुनरावृत्त्यांच्या सरासरीचा आहे. एका प्लॉटचा धरला तर २० ÷ ५० = ४० टक्केच. लोक एका पायावर काढलेला आकडा दुसऱ्या पायावरच्या आकड्याशी बिनदिक्कत ताडून बघतात.

शिवाय २.०६ हा गुणक वरच्या ५ टक्क्यांचा. तिसातले ५ टक्के म्हणजे दीड वंश! प्रत्यक्षात सहा तरी ठेवाल, तेव्हा गुणक १.४०, आणि संच एवढा लहान असेल तर त्याहूनही थोडा कमी. साडेसातचे पाच ग्रॅम झाले.

आणि सगळ्यात मोठी गोम अशी की एका ठिकाणी, एका हंगामात वंश आणि परिस्थितीची परस्परक्रिया (एखादा वंश एका ठिकाणी वा हंगामात सरस, दुसरीकडे मागे) वेगळी काढताच येत नाही. ती त्या २० मध्येच दडलेली असते. त्यातला निम्मा वाटा तिचा निघाला, तर आनुवंशिकता ३३ टक्के आणि प्रगती अडीच ग्रॅम. तुमच्या साडेसातचा तिसरा हिस्सा.

पोटरी
गणिताआधी खाचरात काय मोजलं ते बघा. २० × १५ सेंमीवर चौरस मीटरला ३३ चूड (एका जागी लावलेली रोपं) बसतात. एक चूड मेला की शेजारच्याला ऊन, नत्र, जागा जास्त मिळते आणि फुटवे वाढतात. असं कुठेही झालं तर ती त्रुटी. पण ज्या वंशाची रोपं लावणीनंतर जास्त मरतात, त्याच्या तिन्ही प्लॉटमध्ये मोकळ्या जागा पडतात. तो फुगवटा त्रुटीत न जाता वंशाच्या खात्यात जमा होतो. ओलाव्याचंही तसंच. सगळं एकाच दिवशी कापलं की हळवे (लवकर पिकणारे) वंश वाळलेले आणि गरवे (उशिरा पिकणारे) ओले. वजन × (१०० − ओलावा) ÷ ८६ करून १४ टक्क्यांवर आणलं नाही, तर २० टक्के ओलाव्याचे २५ ग्रॅम तसेच नोंदले जातात. खरे ते २३.३. अशा चुका आनुवंशिकता घटवत नाहीत, वाढवतात. म्हणून जास्त आकडा आला की मला आधी काळजी वाटते.

निसवा
मग मोजणी सुधारा, घटकांकडे कशाला पळता? घटकावरून केलेल्या निवडीचा थेट निवडीच्या तुलनेत फायदा म्हणजे जनुकीय सहसंबंध (दोन गुण जनुकांमुळे किती एकत्र बदलतात) गुणिले दोन्ही आनुवंशिकतांच्या वर्गमुळांचं गुणोत्तर. घटकाची ८१ टक्के, उत्पादनाची २५ टक्के, सहसंबंध ०.५ धरा: ०.५ × ०.९ ÷ ०.५ = ०.९. थेट निवडीपेक्षा कमीच.

आवण
सहसंबंध ०.६ धरा, १.०८ येतात. पारडं ०.५६ च्या आसपास फिरतं, आणि हा सहसंबंधही त्याच एका हंगामातून काढलेला असतो. हजार दाण्यांच्या वजनाबाबत मात्र मी तुमच्या बाजूने आहे. त्याची आनुवंशिकता ९० असली तरी संचातच विविधता थोडी असेल तर प्रगती तोकडीच. वर दाणा मोठा झाला की लोंबीतले दाणे घटू शकतात.

मुळात आनुवंशिकता गुणाची नसते, त्या संचाची असते. पेटा आणि डी-जिओ-वू-जेन या भाताच्या दोन वाणांच्या १९६२ च्या संकरातून १९६६ साली आयआर८ हा वाण आला. त्या संकराच्या एफ-२ मध्ये, म्हणजे दुसऱ्या पिढीत, साधारण चौथा हिस्सा रोपं बुटकी होती, कारण बुटकेपणा एका अप्रभावी जनुकाचा. तिथे उंचीवर डोळ्यांनी निवड जमली. सगळेच वंश बुटके असलेल्या संचात त्याच उंचीत निवडण्यासारखं फारसं उरत नाही. उत्पादनाला एफ-२ मध्ये हा मार्गच नाही. रोप एकच, पुनरावृत्ती नाही, आणि प्रभावीपणाचा (जनुकाची दोन वेगळी रूपं एकत्र आल्याने दिसणाऱ्या परिणामाचा) जो हिस्सा मोजला जातो तो पुढच्या प्रत्येक पिढीत निम्मा होतो.

निसवा
एफ-२ चं मान्य. तिथे उंची आणि निसवण्याचे दिवस एवढंच बघावं. माझा आग्रह एफ-५ पासूनचा: कडेच्या ओळी सोडून अख्ख्या प्लॉटचं उत्पादन, दोन ठिकाणी, तीनऐवजी दोन पुनरावृत्त्या. पुनरावृत्ती वाढवून परस्परक्रिया कमी होत नाही, ठिकाणं वाढवून होते.

पोटरी
बियाणं पुरतं का, तेवढं तपासा. एफ-४ च्या एका रोपाचे २५ ग्रॅम, हजार दाण्यांचं वजन २५ ग्रॅम, म्हणजे हजार दाणे. ९० टक्के उगवले तर ९०० रोपं. ५ चौरस मीटरचे चार प्लॉट म्हणजे सुमारे ६६० चूड. चुडात एकच रोप लावलं तर पुरतं, आणि उरलेली रोपं आठवड्याभरात नांगे (मेलेल्या रोपांच्या मोकळ्या जागा) भरायला लागतात. चुडात दोन लावाल तर दुसऱ्या ठिकाणाला रोपं पुरणार नाहीत.