अनुभव धागा : धंद्यातील कोणते काम मालकाने स्वतः करावे आणि कोणते सोडावे?

उद्यमबागकर

गेल्या आठवड्यात आमचा हिशेबनीस बहिणीच्या लग्नासाठी रजेवर गेला आणि बऱ्याच वर्षांनी ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीसाठी लागणारे ऑनलाइन सरकारी कागदपत्र) काढायला मी स्वतः संगणकापुढे बसलो. तेव्हा सुरुवातीचा काळ आठवला, म्हणून हा धागा काढत आहे.

बेळगावच्या उद्यमबागेत आमचे मशीन शॉप आहे. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावहून कास्टिंग (ओतीव लोखंडी भाग) येते, आम्ही त्यावर टर्निंग-ड्रिलिंग करून माल परत पाठवतो. मध्ये कोगनोळीपाशी राज्याची हद्द लागते, आणि जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याकडून मजुरीने काम करून घेण्यासाठी, माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात असेल तर त्याची किंमत पन्नास हजारांच्या आत असली तरी ई-वे बिल काढावेच लागते. २०१८ साली ही पद्धत सुरू झाली तेव्हा हे सारे काम मीच करत असे. सकाळचा ऐन कामाचा वेळ त्यात जाई. नेमका त्याच वेळी सेटर (मशीन जुळवून देणारा कारागीर) पहिला नग मोजून दाराशी उभा असे, कारण पहिल्या नगाला माझी मान्यता मिळाल्याशिवाय पुढचा लॉट चालवायचा नाही, असा आमचा नियम होता. मशीन थांबलेले आणि मालक चलनाचा क्रमांक शोधत बसलेला, असे दृश्य रोजचेच झाले होते.

त्यावर मी एक कसोटी ठरवली. ज्या कामासाठी माझी वाट पाहत मशीन थांबते, ते काम मी सर्वांत आधी हातावेगळे करायचे, आणि ते जमत नसेल तर त्याचा अधिकारच दुसऱ्याला द्यायचा. गेज आणि तपासणीचा तक्ता सेटरच्या हाती देऊन पहिल्या नगाची मान्यता त्याच्याकडे सोपवली. ई-वे बिले हिशेबनिसाकडे गेली. दर ठरवणे, नवे गिऱ्हाईक आणि रिजेक्शनची बोलणी मात्र मी ठेवली. नग नाकारला गेला तो फाउंड्रीच्या ब्लो होलमुळे (ओतताना राहिलेल्या हवेच्या पोकळीमुळे) की आमच्या मापामुळे, हे बोलणे मी आजही कोणावर सोपवत नाही, कारण त्या एका फोनवर महिन्याचा नफा राहतो किंवा जातो. तुम्ही काय सोडले आणि काय धरून ठेवले, ते लिहावे.

कुंदावाला

कढई चुलीवर आहे, त्यामुळे थोडक्यात लिहितो. कुंदा परतणे हे काम मी कधीच सोडणार नाही, असे मला वाटत असे. पण आमच्याकडे वडिलांच्या काळापासून असलेले मामा माझ्यापेक्षा चांगला कुंदा करतात, आणि साखर घातल्यावर रंग कुठवर तांबूस होऊ द्यायचा हे त्यांचा हात मी सांगण्यापूर्वीच ओळखतो. मी खव्याची खरेदी स्वतःकडे ठेवली. खवा आंबट लागला तर तो परत पाठवण्याचा अधिकार नोकराने वापरला की गवळी रुसतो. मालकाने वापरला की तो दुसऱ्या दिवशी चांगला माल आणतो.

शहापूरची साडीवाली

कुंदावाले दादा, तुमच्या मामांसारखा माणूस आमच्याकडे नाही, म्हणून तुमचा हेवा वाटला.

आमच्या दुकानात बस्त्याला मंडळी आली की मालकिणीनेच साड्या उलगडून दाखवाव्यात, अशी त्यांची अपेक्षा असते आणि ती चुकीची नाही. पण एकेका बस्त्यात दुपार जाते. मी आता सुरुवातीला दहा मिनिटे बसते, नवरीच्या आईशी बोलून खर्चाचा अंदाज घेते आणि पुढचे मुलींवर सोडते. शेवटी दर तोडायला पुन्हा येते. मधल्या वेळात वडगावच्या विणकरांचे हिशेब पाहते. हे काम पूर्वी मी मुनीमजींकडे दिले होते, पण ते परत माझ्याकडे घेतले आहे. आयकर कायद्यातील बदलामुळे २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून लघु आणि सूक्ष्म उत्पादकांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष दिले त्याच वर्षी वजावटीला धरतात. लेखी करार असेल तर मुदत जास्तीत जास्त ४५ दिवसांची, करार नसेल तर १५ दिवसांची. आमच्या भागात विणकराशी लेखी करार कोण करतो? म्हणजे पंधराच दिवस. कोणत्या विणकराला कधी पैसे द्यायचे, हे ठरवणे कारकुनी काम राहिलेले नाही. शिवाय पैसे वेळेवर गेले की लग्नसराईत चांगला माल आधी आपल्या दारात येतो, हा लाभ कोणत्याही वहीत दिसत नाही.

गणपत गल्ली

ताई, दर तोडायला शेवटी मालकीणच येते हे गिऱ्हाइकांना कळले आहे. आमच्या घरची मंडळी तुम्ही येईपर्यंत एकही साडी पसंत करत नाहीत.

शहापूरची साडीवाली

दादा, तुमच्या वहिनींना मी चांगली ओळखते. त्यांना मी आले तरी साडी पसंत पडत नाही.

निपाणीची मसालेवाली

मी घरातून चटणी-मसाला करते. संकेश्वरी मिरची आणून उन्हात वाळवणे, देठ काढणे, डंकावर कुटून आणणे, चाळणे, तोलणे, पिशव्या बंद करणे, लेबल लावणे, अशी सगळी कामे आधी मी आणि सासूबाई मिळून करत होतो. धंदा वाढू लागला तेव्हा आधी बायका कामाला घ्याव्यात की आधी हिशेबाला कोणी पाहावे, असा प्रश्न पडला. सर्वांनी सांगितले की बायका घ्या, हिशेब तर घरचाच आहे. मी उलट केले, आणि त्याचे कारण आमची सीमा आहे.

निपाणीहून कागल हाकेच्या अंतरावर आहे आणि माझे निम्मे गिऱ्हाईक कोल्हापूरचे आहे. उलाढाल कितीही लहान असली तरी दुसऱ्या राज्यात माल विकायचा असेल तर जीएसटीची नोंदणी घ्यावी लागते, आणि कंपोझिशन योजनेत (लहान व्यापाऱ्यांसाठीच्या सोप्या कराच्या योजनेत) असलेल्या व्यापाऱ्याला परराज्यात माल विकताच येत नाही. हेच घर वीस-पंचवीस किलोमीटर पलीकडे असते तर कोल्हापूरचे गिऱ्हाईक राज्यातलेच ठरले असते. त्यामुळे नियमित नोंदणी, दरमहाची विवरणपत्रे आणि वेगळ्या कराची बिले हे सर्व पहिल्याच वर्षी गळ्यात पडले. देठ काढणे कोणालाही अर्ध्या तासात शिकवता येते, पण बिलावर कोणता कर लावायचा हे शिकायला मला फार वेळ लागला असता. म्हणून महिना ठरवून एका मुलीला हिशेबाला ठेवले. ती कानडी उत्तम लिहिते, त्यामुळे सरकारी अर्जांचाही प्रश्न सुटला. मला कानडी बोलता येते, पण अर्ज भरताना मी अडखळते.

चव बघणे मात्र माझ्याकडेच आहे. प्रत्येक घाण्याची चटणी मी भाकरीबरोबर खाऊन पाहते. सासूबाई म्हणतात की हे काम नसून जेवण आहे.

कुंदावाला

वहिनी, हे काम सोडू नका. आमच्याकडेही हे काम मीच करतो, म्हणून तर पोट असे झाले आहे.

खानापूरचा काजूवाला

वरच्या सर्वांनी रोजच्या कामांबद्दल लिहिले आहे. आमच्या धंद्यात उत्तर महिन्यानुसार बदलते. साधारण मार्च ते मे या काळात कच्ची काजू बी बाजारात येते, आणि वर्षभराचा नफा त्या खरेदीतच ठरून जातो. प्रत्येक गाडीतून नमुना काढायचा, बिया कापायच्या, किती गर चांगला, किती डागी आणि किती पोकळ ते वेगळे करून तोलायचे, आणि त्यावरून दर सांगायचा. त्या काळात मी बँकेत जात नाही, नातेवाइकांच्या लग्नाला फक्त अक्षतांपुरता जातो आणि कारखान्यात काय चालले आहे हे पत्नी पाहते. पावसाळा सुरू झाला की मात्र मी गराच्या प्रतवारीपाशी बसलो तरी काही बिघडत नाही आणि बसलो नाही तरी नाही. त्या बायका २४० आणि ३२० या प्रती नुसत्या नजरेने वेगळ्या करतात (हा आकडा म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात त्याचा), तिथे माझी गरज नाही. मग माझा वेळ मुंबई आणि गोव्याच्या व्यापाऱ्यांकडील येणे वसूल करण्यात जातो.

गणपत गल्ली

काजूवाले काका, यंदा चंदगडकडची बी कशी आहे? दिवाळीच्या भेटीसाठी ३२० लागेल.

खानापूरचा काजूवाला

बी बरी आहे. व्यक्तिगत निरोप पाठवा, दर तिथे सांगतो. इथे सांगितला तर साडीवाल्या ताई तो तोडतील.

निवृत्त बँकवाला

माझा स्वतःचा धंदा नाही, पण कर्जाच्या निमित्ताने अनेक कारखानदार जवळून पाहिले. व्यवस्थापनाचे अभ्यासक पीटर ड्रकर यांनी १९६७ सालीच सांगून ठेवले आहे की, आधी कामांची यादी करू नका. आपला वेळ प्रत्यक्षात कुठे जातो याची नोंद आधी करा. आमच्याकडे येणारे बहुतेक जण त्याच्या उलट वागत. आपण विक्रीसाठी सर्वांत जास्त वेळ देतो, असे ते ठामपणे सांगत आणि त्यानंतर तासभर आमच्या शाखेत धनादेश पुस्तकासाठी बसून राहत. त्यातल्या काहींना मी म्हणत असे की हे काम पोराला पाठवून होते. त्यांचे उत्तर असे की बँकेत मालकानेच गेले पाहिजे, साहेबांना बरे वाटते. खरे सांगायचे तर साहेबांना तसे काही वाटत नसे.

उद्यमबागकर

काका, आठवडाभर नोंद ठेवून पाहीन. पण फोनची नोंद कशी ठेवावी, हे कळत नाही. अर्धा दिवस त्यातच जातो आणि एकेक फोन दोन मिनिटांचा असतो.

टिळकवाडीचा करसल्लागार

हिशेब दुसऱ्याकडे सोपवला, असे अनेकांनी लिहिले आहे आणि त्यावरच माझा उदरनिर्वाह चालतो, त्यामुळे तक्रार नाही. तरी एक भेद करावा असे सुचवतो. विवरणपत्र भरणे हे काम सोपवता येते, पण त्याची जबाबदारी कायद्याने मालकाकडेच राहते. दर महिन्याच्या १४ तारखेला जीएसटीआर-२बी तयार होते. कोणत्या पुरवठादाराने आपले बिल चढवले आणि कोणी चढवले नाही, हे त्यात दिसते, आणि न चढवलेल्या बिलावरील कराची वजावट आपल्याला मिळत नाही. ती यादी मालकाने स्वतः पाहावी, कारण ज्याने बिल चढवले नाही त्याच्याकडून पुढचा माल घ्यायचा की नाही, हा निर्णय माझा किंवा कारकुनाचा नाही. आमचे बहुतेक पक्षकार विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी, २० तारखेला संध्याकाळी, फोन करून विचारतात की या महिन्यात कर जास्त कसा आला. त्या वेळी पुरवठादाराला हलवण्यासाठी दिवसच उरलेला नसतो. आणि कृपा करून ओटीपी मागितल्याबरोबर कोणालाही सांगू नका, मलासुद्धा कशासाठी हवा ते विचारा.

निपाणीची मसालेवाली

साहेब, एक शंका आहे. मिरची कुटायला आम्ही कागलच्या डंकावर पाठवायचे म्हणत आहोत, कारण इथल्या डंकावर हंगामात नंबर लागत नाही. तेही जॉबवर्कच झाले ना? मग प्रत्येक पोत्यामागे वरच्या दादांसारखे ई-वे बिल काढावे लागेल का?

टिळकवाडीचा करसल्लागार

होय वहिनी, राज्याबाहेर जॉबवर्कला पाठवत असाल तर किंमत कितीही असो, काढावे लागेल. प्रत्येक पोत्यामागे नव्हे, प्रत्येक खेपेमागे. डंकवाला नोंदणीकृत असेल तर ते तोही काढू शकतो. तेव्हा आठवड्याची मिरची एकाच गाडीतून पाठवा.

निपाणीची मसालेवाली

मग इथल्याच डंकावर पहाटे नंबर लावते. सासूबाई जायला तयार आहेत.