परदेशात इंग्रजी शिकवायला निघालात? शिफारसपत्रांचे अनुभव सांगा

पदवी, टीईएफएलचं (परकीय भाषा म्हणून इंग्रजी शिकवायच्या प्रशिक्षणाचं) प्रमाणपत्र, पोलिसांचा दाखला या कागदांना वेळ लागतो, पण ते कुठे मिळतात हे ठरलेलं असतं. शिफारसपत्राचं तसं नाही. ते दुसऱ्याच्या सवडीवर, मर्जीवर आणि त्याला लिहायचा कंटाळा किती आहे यावर अवलंबून. म्हणून हा धागा. कुणाकडे मागितलंत, कसं मागितलंत, पलीकडून काय विचारलं गेलं, ते लिहा. ‘चांगल्या माणसाकडून घ्या’ एवढंच नको, तपशील हवेत.

सुरुवात माझ्यापासून. दक्षिण कोरियातल्या सरकारी शाळांसाठी इंग्रजीचे शिक्षक घेणाऱ्या ईपिक या सरकारी कार्यक्रमाकडे मी अर्ज केला होता. (भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करार 2010 मध्ये लागू झाला, त्यात इंग्रजीच्या सहायक शिक्षकांची सोय आहे. शिक्षकाची पात्रता मात्र लागते.) दोन पत्रं हवी होती. घरच्यांचा आग्रह, एक तरी प्राचार्यांचं असू दे, पदाला वजन असतं. पण प्राचार्यांनी माझा एकही तास पाहिलेला नव्हता. मी पर्यवेक्षिकांकडे गेले. बोलायला लाजणाऱ्या मुलांच्या जोड्या लावून मी त्यांना कसं बोलतं केलं आणि प्रोजेक्टर बंद पडल्यावर फळ्यावरच तास कसा निभावला, हे त्यांनी लिहिलं. मुलाखतीत नेमकं त्याच तासाबद्दल विचारलं.

*

आमच्या विभागप्रमुखांचं उत्तर तुम्ही ओळखलंच असेल. “तूच लिहून आण, मी सही करतो.” निम्मी शिफारसपत्रं अशीच जन्माला येत असावीत! मी पत्र न नेता एक पानभर टिपणं नेली. त्यांच्याकडे कोणते विषय शिकलो, कोणता प्रकल्प केला, आता कोणत्या वयाच्या मुलांना शिकवायचंय, पत्र कुणाच्या नावे हवं, शेवटची तारीख काय. सोबत जाहिरातीची प्रत. सर म्हणाले, “हे तर पत्रच झालं की.” म्हटलं, “सर, वाक्यं तुमची हवीत.” मग ते सांगत गेले, मी टाइप करत गेलो. त्यात एक गोष्ट अशी आली, जी मी स्वतःबद्दल कधीच लिहिली नसती: हा मुलगा चर्चेत गप्प बसलेल्याला आधी बोलू देतो.

*

मसुदा लिहून देण्यात एवढं गैर काय? ज्यांच्याकडे वर्षाला पन्नास जण पत्र मागायला येतात त्यांनी प्रत्येकासाठी बसून लिहावं ही अपेक्षाच चुकीची आहे. मी दोन्ही मसुदे लिहून दिले. एका मॅडमनी तसाच सही केला, दुसऱ्या सरांनी मधला भाग पुरता बदलला. त्यांना पटलं नसतं तर सही केलीच नसती. नोकरी मिळाली, अजून करतेय.

*

मी निवृत्त मुख्याध्यापिका. अशी पत्रं लिहिली आहेत आणि नेमणुका करताना वाचलीही आहेत, म्हणून वरच्या वादात दोन शब्द.

सही करणारा त्या मजकुराला बांधील असतो. फोन आला आणि “पत्रात तुम्ही अमुक म्हटलंय, जरा उदाहरण द्याल?” असं विचारलं तर त्याची त-त-प-प होऊ नये. दुसरं, वाचणाऱ्याला कळतं हो! पत्रं दोन संस्थांची, पण वाक्यांची ठेवण एक, आवडते शब्द तेच, विरामचिन्हांच्या खोडीही त्याच. ‘मेहनती, उत्साही, मनमिळाऊ’ अशी आरती सुरू झाली की माझी नजर थेट सहीकडे जायची. मला तीन गोष्टी हव्या असत: किती काळ ओळखता, कोणत्या नात्याने, आणि स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलंत. टिपणं द्या, जरूर द्या, आम्हाला तुमची सगळी वर्षं आठवत नाहीत.

आणि मागताना समोरच्याला नाही म्हणायला जागा ठेवा. “मॅडम, तुम्हाला माझ्याबद्दल मनापासून लिहिता येईल का?” असं विचारा. उत्तर देताना कुणी घुटमळलं तर आभार मानून दुसरीकडे जा. नाइलाजाने लिहिलेलं पत्र नसलेलं बरं.

*

आंतरराष्ट्रीय शाळांसाठी अर्ज करणाऱ्यांनी लक्षात घ्या, तिथे तुमच्या हातात पत्र येतच नाही. मी ‘ज्याच्याशी संबंधित असेल त्यास’ छापाची सुंदर पत्रं फाइलमध्ये लावून बसलो होतो, ती कुणी पाहिलीही नाहीत. इंग्लंडमधल्या शाळांना तर बालसुरक्षेच्या सरकारी मार्गदर्शनातच बजावलंय की अशा मोघम पत्रांवर विसंबू नका, संदर्भ देणाऱ्याकडून, म्हणजे उमेदवाराबद्दल सांगणाऱ्या माणसाकडून, थेट मागवा. परदेशातल्या बऱ्याच ब्रिटिश वळणाच्या शाळाही हेच पाळतात. माझ्या मुख्याध्यापकांना थेट फॉर्म गेला. याला पुन्हा नोकरीवर ठेवाल का? मुलांसोबत काम करायला हा योग्य आहे का? काही तक्रार, शिस्तभंगाची कारवाई? उत्तरं शाळेच्या अधिकृत ईमेलवरूनच हवी होती, जीमेल चाललं नाही.

यात एक गोची आहे. सध्याच्या वरिष्ठांना तुम्ही नोकरी शोधताय हे कळतं. मी अर्जात लिहिलं होतं की निवड जवळपास ठरल्यावरच त्यांच्याशी संपर्क करावा. काही शाळा हे मानतात, काहींना मुलाखतीआधीच संदर्भ हवे असतात. तेव्हा मी आधी सरांच्या कानावर घातलं. दोन दिवस तोंड फुगलं होतं, मग फॉर्म भरला.

*

ज्यांनी अजून कुठे नोकरीच केली नाही त्यांच्यासाठी. मी सेल्टा हा इंग्रजी शिकवण्याचा प्रशिक्षणक्रम केला. त्यात किमान सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागतं आणि प्रशिक्षक मागे बसून प्रत्येक तासाची नोंद करतात. म्हणजे तुम्हाला शिकवताना पाहिलेला माणूस आयता मिळतो. निघतानाच मी विचारून ठेवलं, तुमचं नाव दिलं तर चालेल का. घाईत घेतलेल्या, नुसते व्हिडिओ दाखवणाऱ्या ऑनलाइन टीईएफएलमध्ये हे मिळत नाही, पैसे वाचले तरी. दुसरं पत्र वाचनालयात मुलांना स्वेच्छेने शिकवायचे तिथल्या समन्वयक ताईंचं. नातेवाईक, मैत्रिणी, कौटुंबिक डॉक्टर यांची पत्रं कुणी विचारत नाही.

*

आमच्या संस्थेत शिफारसपत्र द्यायचंच नाही असा नियम. एचआरने रुजू तारीख, सोडल्याची तारीख आणि पद एवढंच असलेला दाखला हातावर ठेवला. तो अनुभवाचा पुरावा म्हणून व्हिसाला कामी आला, पण त्यावरून मी कशी शिकवते हे कुणाला कळणार? माझ्या समन्वयकांनी ती नोकरी सोडली होती. त्यांनी वैयक्तिक पातळीवर लिहिलं, तेव्हाचं आणि आताचं पद नमूद करून. दाखला आणि पत्र जोडीने पाठवलं, चाललं.

*

छोटंसंच. अपोस्टील (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी मोहर) पदवीला आणि पोलिसांच्या दाखल्याला मागतात. शिफारसपत्राला माझ्याकडे तरी कुणी मागितलं नाही, उगाच एजंटला पैसे देऊ नका. पत्रावर लेटरहेड, तारीख, सही, पद आणि चालू फोन नंबर एवढं बघा. तारीख जुनी असेल तर नवी घालून पुन्हा सही घ्या.

*

आणि अर्जाच्या पोर्टलवरून शिफारस करणाऱ्याला जाणारी विनंती स्पॅममध्ये पडते, हे कुणी लिहिलंच नाही! माझ्या मॅडम वाट बघत होत्या, मी वाट बघत होते, लिंकची मुदत संपत आली होती. मी फोन करून त्यांच्याकडूनच फोल्डर उघडवून घेतला. दुसऱ्या सरांना मग आधीच मेसेज टाकून ठेवला, “सर, अमुक पत्त्यावरून ईमेल येईल, विषय असा असेल.” त्यांनी त्याच संध्याकाळी भरलं.