नवी आरसी ३९०: चेहरा बिघडला की नजर?

घाटवाट
मे २०२२ मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएम कंपनीची नवी आरसी ३९० ही स्पोर्टबाइक आपल्याकडे विक्रीला आली, तेव्हापासून ‘पुढून एसटी, मागून सांगाडा’ या मथळ्याची एक पोस्ट सगळीकडे फिरते आहे. लिहिणाऱ्याचे म्हणणे थोडक्यात असे, की २०१४ च्या आरसीचे शेजारी-शेजारी बसवलेले दोन प्रोजेक्टर दिवे आणि अणकुचीदार शेपूट हेच तिचे सर्वस्व होते, ते ऑस्ट्रियातल्या डिझायनरांनी घालवले आणि वर ३ लाख १४ हजार रुपये मागितले. एवढ्यावर तो थांबला असता, तर ज्याची त्याची आवड म्हणून मी सोडून दिले असते. पण ‘ज्यांना ही गाडी आवडते त्यांनी गाडी कधी चालवलेलीच नाही’ असा शेवट त्याने केला आहे, आणि त्यावर गप्प बसणे मला जमले नाही.

स्पोर्टबाइकचा चेहरा आधी वाऱ्यासाठी असतो, मग आपल्यासाठी. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस या गाडीचे फेअरिंग, म्हणजे वारा कापणारे पुढचे आवरण, पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या वातबोगद्यात (जिथे हवेचा झोत सोडून आकार तपासतात) घडवून घेतले, त्या काळापासून हा हिशेब उघड आहे. नव्या आरसीच्या फेअरिंगच्या कडा रुंद आहेत, कारण गुडघ्यांवर येणारा वारा बाजूला काढायचा आहे आणि रेडिएटरची गरम हवा पायांपासून दूर न्यायची आहे. ज्याला पोस्टकर्ता सांगाडा म्हणतो, ती बोल्टने जोडलेली सबफ्रेम, म्हणजे मागची सीट पेलणारी चौकट आहे. गाडी आपटली तर मागचा भाग तेवढा बदलता येतो. टाकी पूर्वी दहा लिटरच्या आसपास होती, ती आता १३.७ लिटरची झाली आहे. पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या माणसाला यातले काय उपयोगाचे आहे, हे गाडी चालवणाऱ्याला विचारावे, भिंतीवर पोस्टर लावणाऱ्याला नव्हे.

आरपीएम_राव
पूर्णपणे असहमत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी आहे, जुन्या रस्त्याने जायचे तर लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानांपुढे पाय टेकत टेकत पुढे सरकावे लागते, आणि आपण वातबोगद्याच्या गोष्टी सांगता! या देशात तो वारा लागणार कुठे? माझी गाडी दिवसाचे बावीस तास उभी असते आणि उभ्या गाडीचे फक्त रूप दिसते. जुनी आरसी उभी असली तरी धावते आहे असे वाटायचे. नवीला समोरून पाहिले की कुणीतरी एकच मोठा दिवा लावून उरलेल्या जागेचे काय करायचे ते ठरवायचे विसरून गेले आहे, असे वाटते. गाडी मन मोडते की जिंकते, हे पहिल्या दहा सेकंदांत ठरते. सबफ्रेमचे बोल्ट कुणी मोजत बसत नाही.

तेलपाणी
कोल्हापुरात माझे गॅरेज आहे आणि बोल्ट मोजण्यावरच माझे पोट चालते, तेव्हा दोन शब्द बोलतो. जुन्या आरसीत इंडिकेटर आरशातच होते. फोटोत ते फार देखणे दिसायचे, परंतु महाद्वार रोडला रिक्षाने आरसा उडवला की इंडिकेटरही गेला. नव्यात इंडिकेटर पुढच्या दिव्याच्या बाजूला आले आहेत, आरसा फुटला तर फक्त आरसा फुटतो. ही सुधारणा कुरूप असेल तर असू द्या. पोटाखाली दडवलेल्या सायलेन्सरसाठीही लोक असेच रडले होते. ३९० वरून तो २०१७ मध्येच गेला, आणि आता त्याची आठवणही कुणी काढत नाही.

आरपीएम_राव
मी काढतो.

वळणदार
चेहऱ्याच्या वादात इटलीच्या डुकाटी ९९९ चे नाव अजून कसे निघाले नाही? मास्सिमो ताम्बुरिनी यांची १९९४ ची ९१६ ही चाहत्यांची देवता होती. तिच्या जागी पिएर टेरब्लांश यांनी ९९९ आणली, दिवे एकावर एक रचले, मागचे चाक एकाच बाजूने धरणारा एकहाती स्विंगआर्म काढून साधा दुहाती दिला, आणि लोक असे खवळले की जणू घरातला देव्हारा हलवला. त्याच गाडीवर नील हॉजसनने २००३ मध्ये, जेम्स टोसलँडने २००४ मध्ये आणि ट्रॉय बेलिसने २००६ मध्ये जागतिक सुपरबाइक अजिंक्यपद मिळवले. शर्यतीच्या रस्त्याला गाडीचा चेहरा दिसत नाही.

आरपीएम_राव
उदाहरण अर्धेच सांगितलेत, उरलेले मी सांगतो. तीन अजिंक्यपदे मिळूनही २००७ च्या १०९८ मध्ये डुकाटीने आडवे जोडदिवे आणि एकहाती स्विंगआर्म मुकाट्याने परत आणले. अजिंक्यपदांपुढेही चाहत्यांच्या डोळ्यांनी बाजी मारली, याहून चांगला पुरावा मला शोधूनही सापडला नसता. आभारी आहे.

घाटवाट
कंपनीने माघार घेतली याचा अर्थ डिझाइन वाईट होते असा होत नाही, विक्री महत्त्वाची होती इतकाच होतो. आज ९९९ कडे ‘काळाच्या पुढची गाडी’ म्हणून पाहणारे लोक कमी नाहीत.

आरपीएम_राव
वीस वर्षांनी आवडेल म्हणून आज हप्ते भरायचे, हे गणित माझ्या पगारात बसत नाही.

जुना_करिझ्मावाला
तुम्ही सगळे इटली आणि ऑस्ट्रियात हिंडता आहात, म्हणून घरचे उदाहरण देतो. २००३ मध्ये हिरो होंडाची करिझ्मा आली तेव्हा आमच्या कॉलेजच्या फाटकापाशी ती एकच होती आणि तिच्याभोवती कायम घोळका असायचा. २०१४ मध्ये तिला नवे रूप दिले, ते चाहत्यांच्या पचनी पडले नाही, आणि पुढे गाडीच दिसेनाशी झाली. ज्याचा चेहरा लोकांनी मनात धरला आहे, त्याला कंपनीने हात लावू नये. आणि हो, आजच्या मुलांना तिच्या २२३ सीसी इंजिनाची मजा कळणार नाही, हेही जाता जाता नोंदवतो.

वळणदार
करिझ्मा आली नाही असा एक तरी धागा दाखवा, मी आपल्याला चहा पाजतो.

मृण्मयी_डबलसीट
अवांतर आहे, पण इतका वेळ पुढच्या दिव्यावर भांडताना मागच्या चाकाकडे कुणाचेच लक्ष गेलेले नाही, म्हणून लिहिते. शोरूममध्ये मी नवी आरसी पाहिली. रंगाची, वेल्डिंगची, डिस्प्लेची सफाई खरोखर उत्तम आहे, आणि डाव्या बाजूला साडी गार्ड (मागच्या चाकात कपडा जाऊ नये म्हणून लावलेली जाळी) मात्र असा, की तो कुणीतरी जेवणाच्या सुट्टीत बसवला असावा. जी गाडी चाकणला तयार होते, जिला भारतात गार्ड लागणार हे डिझाइन करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असते, तिच्यात तो रेखाटनातच का येत नाही? कडेचा गार्ड शेवटी चिकटवायचा आणि गिऱ्हाइकाने तो घरी जाऊन काढायचा, हा आपल्याकडचा ठरलेला रिवाज आहे.

आरपीएम_राव
काढायचाच असतो. स्पोर्टबाइकच्या मागच्या सीटवर साडी नेसून कोण बसते? तळहाताएवढी ती सीट, त्यावर एका बाजूला पाय सोडून बसणारी बाई मी आजवर पाहिलेली नाही. माझ्या गाडीचा गार्ड मी पहिल्याच दिवशी उतरवला आणि गाडी गाडीसारखी दिसू लागली.

मृण्मयी_डबलसीट
आपण पाहिलेली नाही, मी पाहिली आहे. माझी मामी वाईहून पसरणी घाटाने पाचगणीला चालली होती, मामेभावाच्या नव्या गाडीवर. तिसऱ्या-चौथ्या वळणावर वाऱ्याने पदर सुटला आणि साखळीच्या चक्रात गेला. वेग फार नव्हता म्हणून खांदा निखळण्यावर आणि मनगट मोडण्यावर भागले. मी मागून दुसऱ्या गाडीवर होते. नायलॉनची साडी चक्र आणि आऱ्यांच्या मध्ये दोरासारखी पिळून इतकी घट्ट बसली होती, की ती हाताने निघेना. पाचगणीहून एका मेस्त्रीला बोलावून हॅकसॉच्या पात्याने तुकडे करून काढावी लागली. गार्ड कुठे होता? माळ्यावर, गोणपाटात गुंडाळून. ‘गाडी गाडीसारखी’ दिसावी म्हणून.

आरपीएम_राव
आपल्या मामींना त्रास झाला याचे वाईट वाटते. परंतु एका अपघातावरून प्रत्येक गाडीला जाळी लावायची, तर उद्या ओढणीसाठी पंख्यालाही जाळी लावा.

मृण्मयी_डबलसीट
पंख्याला जाळी असतेच, साहेब. टेबल फॅन बघितला नाहीत का कधी?

तेलपाणी
या वादात मी ताईंच्या बाजूने आहे, आणि एकदोन अपघातांवरून नाही. पावसाळ्यात माझ्याकडे ज्या गाड्या येतात, त्यांत पदर कमी आणि पुरुषांच्या रेनकोटची टोके, पाठीवरच्या बॅगेचे लोंबते पट्टे जास्त अडकलेले असतात. मागे बसणारा बाप्या असेल तर गार्ड लागत नाही, हा समज चुकीचा आहे. शिवाय तुम्ही कुणाला बसवत नसाल, पण तीन वर्षांनी गाडी विकाल आणि पुढचा मालक बायकोला घेऊन ज्योतिबाला जाईल, तेव्हा तो गार्ड तुमच्या माळ्यावरच असेल.

वळणदार
कायद्याचेही बोलून घेऊ. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२३ व्या नियमानुसार, मागे बसणाऱ्यासाठी धरायला पक्के हँडल, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारी सोय सक्तीची आहे. म्हणजे गार्ड ही कंपनीची हौस नाही.

आरपीएम_राव
नियमाची अक्षरे पाळली की झाले, हीच तर तक्रार आहे! युरोपात जाणारी आरसी चाकणहूनच जाते आणि तिला गार्ड नसतो. आपल्याला त्याच गाडीवर ठिगळ मिळते. जाहिरातीचे फोटोसुद्धा पाहा, गाडी बहुतेक वेळा उजवीकडून दाखवतात, म्हणजे ठिगळ दिसत नाही.

मृण्मयी_डबलसीट
मग मी काय वेगळे म्हणत होते? ठिगळ वाईट आहे म्हणून गार्ड काढा असे आपण म्हणता, मी म्हणते ठिगळ वाईट आहे म्हणून गार्ड नीट डिझाइन करा. हिरवा कंदील दिला तर हे काम पुण्यातला कुठलाही डिझाइनचा विद्यार्थी करून दाखवेल. दोन वेगळ्या वाटांनी आपण एकाच फाट्यावर आलो आहोत, हे आपल्याला मानवत नसेल तर तसे सांगा.

जुना_करिझ्मावाला
आमच्या करिझ्माचा गार्ड गाडीला शोभायचा.

घाटवाट
कृपया मूळ विषयाकडे या. मी चेहऱ्यावर धागा काढला होता आणि आता येथे फक्त मागचे चाक उरले आहे. शिवाय आरपीएम_राव यांनी टाकी, सबफ्रेम, वारा यांपैकी एकाही मुद्द्याला उत्तर दिलेले नाही. ‘मला आवडत नाही’ हे उत्तर होत नाही.

आरपीएम_राव
उत्तर हवे ना, घ्या. काल मित्राच्या नव्या आरसीवर खंबाटकी घाटात दोन फेऱ्या मारून आलो. क्विकशिफ्टरमुळे क्लचला हात न लावता गिअर पडतात, वळणात गाडी जुनीपेक्षा हलकी वाटते आणि पायांना गरम वारा लागला नाही. हे सारे मान्य. चेहऱ्याबद्दल माझे मत तसूभरही हललेले नाही, आणि निळ्या रंगात तो नारिंगीपेक्षा बरा दिसतो एवढीच सवलत मी देतो. मृण्मयीताईंसाठी आणखी एक कबुली: मागचा सांगाडा उघडा असल्यामुळे त्यात गार्ड सहज खपून जातो. ऑस्ट्रियातल्या मंडळींनी नकळत भारतीय गार्डासाठी जागा केली, यासाठी त्यांचा सत्कार करावा काय?

तेलपाणी
सत्कार करा, पण त्यांना सांगा की गार्डाचा खालचा नट पान्याने पोचता येईल अशा जागी ठेवा. चाक काढताना तोच सर्वात जास्त वेळ खातो, आणि काढला की पोरे पुन्हा लावू देत नाहीत.

आरपीएम_राव
निळ्या रंगाचे बुकिंग किती दिवसांचे चालू आहे, कुणाला माहीत आहे काय? मित्रासाठी विचारतो आहे.

मृण्मयी_डबलसीट
मित्राला शुभेच्छा. गाडी आली की त्यांनी फोटो जरूर टाकावा, फक्त डावीकडून काढलेला.