'मड क्रॅब' : चिखलखेकडा की चिंबोरी?

प्रश्न असा: एका माहितीपर लेखाचं भाषांतर करतेय. 'मड क्रॅब'ला 'चिखलखेकडा' चालेल का? आणि त्यातल्या लहान जातीला, 'सिला ऑलिव्हेशिया'ला, वेगळा मराठी शब्द आहे का?

—

चिखलखेकडा नको हो. कुठल्या कोळणीच्या तोंडी ऐकलाय हा शब्द? मुंबई-रायगडकडे चिंबोरी, मालवणापासून खाली गोव्यापर्यंत कुर्ली. (संस्कृतात खेकड्याला 'कुलीर' म्हणतात, कान टवकारावेत इतकं जवळचं.) 'मुठा' मात्र लिहू नका. मुठे गोड्या पाण्याचे, पहिल्या पावसात ओढ्याकाठी, बांधावर निघणारे. शिवाय खाजणातल्या चिखलात बिळं करून राहत असली, तरी चिंबोरी कुळाने पोहणाऱ्या खेकड्यांपैकी. मागचे दोन पाय बघा, वल्ह्यासारखे चपटे.

लहान जातीचं म्हणाल तर खरा घोळ शास्त्रीय नावातच आहे. 1998 मध्ये कीनन, डेव्ही आणि मान या संशोधकांनी 'सिला'च्या, म्हणजे चिंबोऱ्यांच्या गटाच्या, चार जाती पक्क्या केल्या: सेराटा, ऑलिव्हेशिया, ट्रान्क्वेबारिका, पॅरामामोसेन. आपल्याकडच्या जुन्या लेखांत लहान चिंबोरीलाच 'सेराटा' म्हटलेलं सापडतं आणि मोठीला 'ट्रान्क्वेबारिका'. आता मोठी ती सेराटा, लहान ती ऑलिव्हेशिया. तेव्हा मूळ लेख कधीचा आहे ते आधी बघा, नाहीतर शब्द बरोबर आणि प्राणी भलताच!

ओळखायची खूण नांगीच्या मनगटावर, बाहेरच्या बाजूला. मोठीला तिथे दोन टोकदार काटे, लहानीला एकच बोथट, कधी तोही नाही. डोळ्यांच्या मधले दातही लहानीचे बसके, गोलसर.

—

काट्यांचं माहीत नव्हतं, आभार. व्यापारात लहानीला 'रेड' आणि मोठीला 'ग्रीन' म्हणतात असं वाचलं. मग 'लाल चिंबोरी' लिहू?

—

कालवणात पडली की कुठलीही चिंबोरी लालच होते! गंमत म्हणजे 'ऑलिव्हेशिया'चा अर्थ ऑलिव्हच्या रंगाची, आणि नांग्या बघाल तर तांबूस-नारिंगी. 'लहान चिंबोरी' लिहिलंत तर लोक पिल्लू समजतील. मी असतो तर पहिल्यांदा 'चिंबोरी (सिला ऑलिव्हेशिया), आकाराने लहान जात' असं लिहिलं असतं आणि पुढे नुसतं 'ऑलिव्हेशिया'. वाचक तळकोकणातले असतील तर चिंबोरीच्या जागी कुर्ली घाला.